गजराज, जम्बो आणि फिटरची सही

"लष्कराचं मालवाहू विमान म्हणजे सरकारी पेट्रोलवर चालणारा टेम्पो," कालिनाकर म्हणाले आणि वॉरंटसाहेबांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवून दिला. आता जेवणाची हाक येईपर्यंत दोघांपैकी कुणी उठणार नाही.

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कातल्या एका सोसायटीच्या आवारात हे दोघे मी बसवले आहेत. 'बसवले' असंच म्हणतो, कारण दोघांपैकी कुणीही एका खऱ्या माणसाची छबी नाही. दहिसरपासून विरारपर्यंतच्या पट्ट्यात विमानांवर आयुष्य काढून निवृत्त झालेली माणसं भेटतात, त्यांची भांडणं साधारण अशीच असतात. विमानं, तारखा आणि आकडे मात्र खरे.

वॉरंटसाहेब वर्ध्याकडचे. बेळगावजवळच्या सांबऱ्याला हवाई दलाची पहिली कवायत केली, तांबरमला इंजिन फिटरचं काम शिकले, मग आग्रा, नागपूर असं फिरत वॉरंट ऑफिसर होऊन बाहेर पडले. मुलाने सिल्व्हर पार्कात फ्लॅट घेतला म्हणून इथे आले. कालिनाकर मूळ वेंगुर्ल्याचे, एअर इंडियात लायसन्सवाले इंजिनिअर. उभी हयात कालिन्याच्या कॉलनीत गेली. निवृत्तीनंतर ती सोडावी लागली, पण नाव तेच चिकटलं. दोघांनाही विमान आवडतं. विमान कशासाठी असतं यावर मात्र त्यांचं एकमत नाही.

वॉरंटसाहेब: पेट्रोल नाही ते, रॉकेलच्या जातीचं असते. लायसन्सवाल्याले एवढं तरी माहीत पाहिजे. आता सांगा, टेम्पो काहून?

कालिनाकर: कारण माणसं वाचवायची वेळ आली तेव्हा काम आम्ही केलं. १९९० साल आठवा. २ ऑगस्टला इराक कुवेतमध्ये घुसला. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर, एकोणसाठ दिवस, अम्मान ते मुंबई. ४८८ फेऱ्या आणि एक लाख अकरा हजारांवर माणसं. गिनेस बुकात नोंद आहे. ही सगळी प्रवासी विमानं होती, तुमची पोटं सुटलेली गजराज, म्हणजे आयएल-७६, नव्हेत.

वॉरंटसाहेब: नाही कोण म्हणते? सलाम आहे तुमच्या लोकायले. पण अम्मानला विमानतळ चालू होता न? धावपट्टीवर दिवे, टाकीत इंधन, शिडी लावायला माणूस. लोक कुवेतहून बगदाद, बगदादहून वाळवंट तुडवत बसने जॉर्डनपर्यंत आले, तेव्हा कुठे तुमच्या दाराशी पोचले. आग विझल्याच्या जागेवरून तुम्ही माणसं उचलली. आगीत जायला दुसरं विमान लागते.

एक तपशील माझ्याकडून. मीरा रोडला आखातात कमावून बांधलेली घरं कमी नाहीत. अशाच एका घरातल्या आपा या वादात मध्येच बोलल्या होत्या, असं समजा. अम्मानच्या तंबूत दिवस काढून त्या मुंबईत सहारला उतरल्या. पायलट कोण होता, विमान कोणतं होतं, काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की हवाईसुंदरीने पाण्याचा दुसरा ग्लास न मागता दिला. सुटका झालेल्या माणसाची आठवण अशीच असते. विमान कुणी तयार ठेवलं हे त्याला का ठाऊक असावं? म्हणून ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनीच सांगायला हवं, आणि इथेच आपल्याकडे सगळी गडबड आहे. त्याकडे पुढे येतो.

वॉरंटसाहेब: आता माझं ऐका. ३ नोव्हेंबर १९८८. मालदीवच्या मालेमध्ये भाड्याच्या बंदूकवाल्यांनी बंड केलं, राष्ट्राध्यक्ष गयूम लपून बसले, दिल्लीला मदत मागितली. मी तेव्हा आग्र्याला, ४४ स्क्वाड्रनमध्ये. पोरगाच होतो. सकाळी हुकूम आला, संध्याकाळी दोन आयएल-७६ पॅराच्या जवानांना घेऊन उडाली. अडीच हजार किलोमीटरच्या वर अंतर, कुठे न थांबता. हुलहुलेची धावपट्टी म्हणजे समुद्रातली एक पट्टी, दोन्ही टोकांना पाणी. खाली विमानतळ कुणाच्या हातात आहे याची खात्री नाही. पुढच्या विमानावर ग्रुप कॅप्टन बेवूर होते. दिवे काही क्षण लागले, तेवढ्यावर विमान अंधारात उतरवलं. तुमचं जम्बो गेलं असतं काय?

कालिनाकर: नसतं गेलं. जाऊही नये. प्रवासी विमानाने अंधारात उडी घ्यावी असं मी कधी म्हटलं? पण तुम्ही वीस-तीस वर्षांत एकदा येणाऱ्या रात्रीचा हिशेब मांडता. मी रोजचा मांडतो. आणि 'आगीत आम्ही जातो' हेही पुरतं खरं नाही. २०१५ सालचा येमेन घ्या. सनाच्या आत कोण उतरलं? आमची एअर इंडिया. वर सौदी विमानं बॉम्ब टाकतायत, दिवसातून थोडा वेळ आकाश मोकळं मिळणार, तेवढ्यात उतरायचं, माणसं भरायची आणि जिबूतीला आणून सोडायची. तुमची सी-१७ जिबूतीला उभी होती. तिथून मुंबईला आणि कोचीला आणलीत, झकास काम केलंत. पण त्या दिवशी आगीत कोण होतं?

वॉरंटसाहेब यावर थोडा वेळ गप्प बसले. बसायलाच हवं होतं, कारण मुद्दा बिनतोड आहे. 'ऑपरेशन राहत'मध्ये साडेचार हजारांहून जास्त भारतीय आणि साडेनऊशेच्या आसपास परदेशी नागरिक बाहेर काढले गेले. त्यात नौदलाची जहाजं, हवाई दलाची सी-१७ आणि एअर इंडिया असे तिघेही होते, आणि विमानांच्या कामातला सगळ्यात धोक्याचा तुकडा नागरी विमानांच्या वाट्याला आला होता. हवाई दलाच्या कौतुकात ही गोष्ट आपल्याकडे बहुधा गाळली जाते.

वॉरंटसाहेब: बरं, येमेन तुमचं. काबूल घ्या. १५ ऑगस्ट २०२१ च्या संध्याकाळी एअर इंडियाचं विमान शे-सव्वाशे माणसं घेऊन निघालं. दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर गर्दी घुसली, नागरी आकाश बंद. मग वकिलातीचे लोक कशाने आले? सी-१७ ने, १७ तारखेला जामनगरला. आणि सुदान? एप्रिल २०२३ च्या शेवटी खार्टूमच्या उत्तरेला वादी सैदना म्हणून उखडलेली धावपट्टी. दिवे नाहीत, इंधन नाही, दिशा दाखवणारं कुठलं यंत्र नाही. सी-१३० रात्री नाइट व्हिजनचा चष्मा लावून उतरवलं, इंजिनं बंदच केली नाहीत, १२१ माणसं आत घेतली आणि थेट जेद्दा. त्यात एक गर्भार बाई होती.

कालिनाकर: इंजिनं बंद का केली नाहीत, हे सांगा न.

वॉरंटसाहेब: तुम्हाला माहीत आहे.

कालिनाकर: मला माहीत आहे. वाचणाऱ्याला नाही.

वॉरंटसाहेब: एक तर तिथून पटकन निघायचं होतं. आणि समजा बंद केलं आणि पुन्हा चालूच झालं नाही, तर? तिथे कोणाला बोलावणार?

इथे मी या दोघांना थांबवतो. इतका वेळ दोन फिटर पायलटांविषयी भांडत होते. आपल्याकडे विमानाची गोष्ट सांगायला बसलं की असंच होतं. ज्याच्या हातात पाना होता तोसुद्धा कॉकपिटमधली गोष्ट सांगू लागतो. 'चालूच झालं नाही तर' हा प्रश्न आला आणि मग कुठे दोघं आपापल्या कामावर आले. पुढचं बोलणं मला जास्त मोलाचं वाटतं, म्हणून तिथे जरा रेंगाळणार आहे.

कालिनाकर: आमच्याकडे पद्धत साधी. विमान जिथे उतरणार तिथे आधीच कुणीतरी उभा. दुबई असो, नैरोबी असो, लंडन असो, एक तर आमचा इंजिनिअर असतो नाहीतर दुसऱ्या कंपनीशी करार असतो. बिघाड झाला तर 'एओजी', म्हणजे विमान जमिनीवर अडकलं, अशी तार सुटते आणि सुटा भाग पुढच्या विमानाने येतो. किरकोळ बिघाड असेल तर पुस्तकात लिहिलेलं असतं, अमुक गोष्ट बंद ठेवून अमुक दिवस उडता येईल. त्या यादीबाहेरचं असेल तर विमान हलत नाही, वरून मंत्र्याचा फोन आला तरी. सही माझी आणि लायसन्सही माझं. चुकलो तर नागरी विमानांवर नजर ठेवणारं सरकारी खातं, डीजीसीए, मला नावाने ओळखतं.

वॉरंटसाहेब: आमच्याकडे पुढे कुणी उभा नसतो, म्हणून आम्हीच आत बसतो. हा सगळा फरक आहे बघा. आयएल-७६ बाहेर देशात निघालं की सर्व्हिसिंग पार्टी बरोबर. इंजिनवाला, एअरफ्रेमवाला, इलेक्ट्रिकलवाला, इन्स्ट्रुमेंटवाला. मागे मालाच्या कडेला दोरीने बांधलेली दोन जादा चाकं, जॅक, नायट्रोजनचं सिलिंडर, तेलाचे डबे, सुट्या भागांची पेटी. गजराजला वीस चाकं असतात. पुढे चार, पोटाखाली सोळा.

कालिनाकर: जम्बोला अठरा.

वॉरंटसाहेब: दोन कमीच. आणि तुमच्या चाकातली हवा कॉकपिटमधून कमी-जास्त होते काय? आमच्या होते. कच्ची धावपट्टी असली की हवा उतरवायची, म्हणजे चाक पसरते, रुतत नाही. डाव्या बाजूला चाकांच्या फुगीर पेटीत छोटं इंजिन आहे, त्याच्यावर मोठी चार चालू होतात. बाहेरची वीज नको, गाडी नको. छताला कप्प्या आहेत, माल आपणच उचलायचा. रशियन माणसाने हे विमान बनवताना 'तिकडे कुणी मदतीला नसणार' असंच धरून चाललं होतं. दिसायला बेढब आहे. पण सायबेरियासाठी बनवलेलं विमान मालदीवला चाललं, ते याच्यामुळे.

कालिनाकर: हे मला पटतं. यंत्र म्हणून ते अस्सल आहे. आता तुमच्या हाताचं सांगा.

वॉरंटसाहेबांनी सांगितलं ते लॉक वायरचं. इंजिनावरचे महत्त्वाचे बोल्ट नुसते आवळून भागत नाही. थरथरीने बोल्ट हळूहळू सुटत जातो. म्हणून बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून बारीक पोलादी तार ओवायची, पकडीने तिला पीळ द्यायचा आणि शेजारच्या बोल्टमधून घेऊन बांधायची. तारेची दिशा अशी ठेवायची की एक बोल्ट सैल होऊ लागला तर तार त्याला परत आवळण्याकडेच ओढेल. उलट्या बाजूने ओवली तर तीच तार काहीच कामाची नाही, आणि दिसायला दोन्ही सारख्या. पीळ कमी झाला तर तार ढिली राहते, जास्त झाला तर तुटते. गजराजचा कारखाना होता त्या ताश्कंदच्या हिवाळ्यात हे काम हातमोजे घालून जमत नाही. मोजे काढले तर पकडीचं लोखंड बोटाला चिकटतं. "मग काय करायचं? बोटं काखेत धरायची, चार पीळ द्यायचे, पुन्हा काखेत धरायची." आणि शेवटी तारेची कापलेली टोकं मोजून खिशात टाकायची. एक टोक जरी खाली राहिलं आणि इंजिनाने ओढून घेतलं तर पात्याला खोक पडते. तपासायला येणारा सार्जंट आधी खिसा उलटा करायला लावायचा, मग इंजिन बघायचा.

कालिनाकरांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी फक्त तळहात पुढे करून अंगठ्याखालची जुनी खूण दाखवली. लॉक वायर कालिन्यालाही तीच असते.

काम झालं की फॉर्म ७००. विमानाचं हे दप्तर इंग्रजांच्या हवाई दलाकडून आपल्याकडे आलं, नाव आजही तेच. प्रत्येक फिटर आपापल्या कामाच्या रकान्यात सही करतो, सगळ्यांच्या सह्या झाल्यावर कॅप्टन सही करून विमान ताब्यात घेतो. प्रवासी विमानात हेच काम टेक्निकल लॉग करतो. दोघांच्या आयुष्यात असा कागद हजारो वेळा आला. पण त्या कागदाचं पुढे काय होतं, यावरून वाद पुन्हा पेटला आणि या वेळी तो कडू झाला.

कालिनाकर: १ जानेवारी १९७८. आमचं 'सम्राट अशोक' सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं गेली. तेव्हा मी नोकरीत नव्हतो, पण जुने लोक त्या रात्रीबद्दल दबक्या आवाजात बोलायचे. चौकशी झाली, अहवाल आला. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र बिघडलं आणि अंधारात त्याला समजलं नाही. इन्स्ट्रुमेंटच्या पोरांना ती गोष्ट पुढे शिकवली जायची. अहमदाबादला जून २०२५ मध्ये विमान पडलं, महिन्याभरात प्राथमिक अहवाल लोकांपुढे आला. त्यावर टीका करा, शंका घ्या, पण कागद समोर आहे. तुमच्याकडे काय आहे?

वॉरंटसाहेब: कोर्ट ऑफ इन्क्वायरी होते आमच्याकडेही.

कालिनाकर: होते. आणि कपाटात जाते. २५ मार्च १९८६. सोव्हिएत युनियनहून नवी कोरी एएन-३२ आणत होतात. मस्कतहून जामनगरकडे निघालेलं त्यातलं एक अरबी समुद्रावर नाहीसं झालं. सात जण होते. काय झालं त्याला?

वॉरंटसाहेब: काहीच मिळालं नाही. तेलाचा तवंगसुद्धा नाही.

कालिनाकर: पण शोध कसा घेतला, विमान ताब्यात घेताना काय तपासलं, कुणी काय लिहिलं, हे तरी असेल. ते का वाचायला मिळू नये?

वॉरंटसाहेब: लष्कराचं विमान किती दूर जाते, किती वजन नेते, कुठे कमी पडते, हे उघडं करायचं नसते. शत्रूही वाचतो भाऊ.

कालिनाकर: चाळीस वर्षांनी कोणता शत्रू वाचणार आहे? ज्या देशाने ते विमान बनवलं तो देशच उरला नाही.

कालिनाकरांची बाजू मी इथे उघडपणे घेतो. जुलै २०१६ मध्ये तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ एकोणतीस जणांसह बंगालच्या उपसागरात हरवलं. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल पाण्यात त्याचे अवशेष दिसले. समुद्रतळ तपासणाऱ्या स्वयंचलित यंत्राने छायाचित्रं काढली आणि सरकारने ती जाहीर केली. म्हणजे मनात आणलं तर सांगता येतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या अपघातांचे कागद अभ्यासकांना खुले केले तर सीमेवर काही बिघडणार नाही. उलट आज त्याच जातीच्या विमानावर सही करणाऱ्या पोराला ते उपयोगी पडतील. आणि घरच्यांना? त्यांच्या हक्काचा प्रश्न तर याच्याही आधीचा आहे.

वॉरंटसाहेबांना हे मनातून पटलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला.

वॉरंटसाहेब: तुम्ही देश उरला नाही म्हणता, ते आम्ही भोगलं आहे. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत युनियन फुटलं. गजराजचा आराखडा मॉस्कोचा, कारखाना ताश्कंदला, इंजिन रशियाच्या रिबिन्स्कला. एका रात्रीत हे सगळं दोन वेगळ्या देशांत गेलं. आधी एकाच दुकानात मागणी लावायची, आता कोणाला विचारायचं? पत्राला उत्तर नाही, आलं तर रशियनमध्ये. एएन-३२ चं तर अजून वेगळं. ते पुरंच युक्रेनचं. आराखडा कीवचा, इंजिन झापोरिझ्झियाचं. शंभराच्या वर विमानं आपल्याकडे. २००९ साली युक्रेनशी सुधारणेचा करार झाला, काही विमानं तिकडे जाऊन आली, बाकीची कानपूरच्या डेपोत करायची ठरलं. आणि आता त्या झापोरिझ्झियाचं नाव तुम्ही रोज युद्धाच्या बातमीत वाचता.

कालिनाकर: मग केलंत काय?

वॉरंटसाहेब: एक विमान उभं करायचं, त्याचे भाग काढून दुसरं उडवायचं. उभ्या विमानावर 'ख्रिसमस ट्री' म्हणून पाटी लटकवलेली नसते एवढंच. फिटरला आवडते काय असं? चांगलं विमान सोलताना हात थांबतो. पण दुसरं विमान उडालं.

कालिनाकर: म्हणूनच सांगतो, करार पाहिजे. सी-१७ घेतलं तेव्हा तेच केलं न? देखभालीचं बोइंगशी बांधून घेतलं. इतकी विमानं इतका वेळ तयार पाहिजेत, कसं ते तुम्ही बघा. फिटरने काखेत बोटं धरून काम करायचे दिवस गेले, वॉरंटसाहेब. आता लॅपटॉप लावला की विमान स्वतः सांगतं कुठे दुखतंय.

वॉरंटसाहेब: आणि बोइंगने ते विमान बनवणंच २०१५ मध्ये बंद केलं. आपल्याकडे अकरा. १९९८ ला अणुचाचणी केली तेव्हा अमेरिकेने काय केलं, आठवते? निर्बंध. करार कागदावर असतो, विमान वाळवंटात असते. मी लॅपटॉपला शिव्या देत नाही. लॅपटॉप गप्प बसला तर पुढे काय करायचं, हे माहीत असलेला एक माणूस विमानात बसलेला असावा, इतकंच म्हणतो.

कालिनाकर: त्या माणसाचा पगार, पेन्शन, वर्षाला किती तास तो खरंच परदेशात पाना धरतो, याचा हिशेब मांडा. परवडत नाही ते.

वॉरंटसाहेब: अग्निशमन दलाचा हिशेब मांडता काय तुम्ही? वर्षात किती आगी, भागिले बंब?

कालिनाकर हसले. वेंगुर्ल्याकडचा माणूस हार मानायची असली की आधी हसतो आणि मग दुसरीकडून येतो.

कालिनाकर: एप्रिल २०२१ चं सांगतो, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. ऑक्सिजनसाठी लोक रस्त्यावर धावत होते, आमच्या सोसायटीतही दोघं गेले. तेव्हा सी-१७ ने सिंगापूरच्या चांगीहून रिकामे टँकर पानागढला आणले, पुण्याहून रिकामे टँकर जामनगरला नेले. भरलेले का नाही, म्हणून लोक विचारत होते. द्रवरूप ऑक्सिजनने भरलेला टँकर हवेतून न्यायचा म्हणजे आगीला आमंत्रण. पण रिकामा टँकर रस्त्याने दोन दिवस घेतो, हवेतून दोन तास. आणि तो अख्खा ट्रक मागच्या फळीवरून सरळ पोटात गेला. आमच्या जम्बोचं मालाचं दार दोन मजले वर, तिथे ट्रक चढवायचा म्हणजे उचलणारं यंत्र शोधत बसा. त्या आठवड्यात मी टीव्हीसमोर बसून म्हटलं, हां, हा टेम्पो पाहिजे.

वॉरंटसाहेब: म्हणजे टेम्पो शब्द मागे घेता?

कालिनाकर: नाही. चांगला टेम्पो म्हणतो. आणि श्रीलंकेतल्या जाफन्याचं मात्र मी कधीच मान्य करणार नाही. ४ जून १९८७, पाच एएन-३२, वर मिराजचं संरक्षण, आत पत्रकार बसवलेले, आणि टाकलं काय तर पंचवीस टनांच्या आसपास धान्य आणि औषधं. एवढ्याने किती दिवस पोट भरणार होतं जाफन्याचं?

वॉरंटसाहेब: पोट भरायला नव्हतंच ते. कोलंबोला दाखवायला होतं. दोन महिन्यांच्या आत करार झाला.

कालिनाकर: आणि त्या करारापायी आपली फौज तिकडे गेली आणि हजारावर जवान परत आले नाहीत. मग तुमच्याच विमानांनी शवपेट्या आणल्या.

वॉरंटसाहेब: आणल्या.

या एका शब्दापुढे ते गेले नाहीत. मालवाहू विमानाच्या फिटरला हा मालही ठाऊक असतो. परतीच्या फेरीत फळीखालचे हुक, पट्टे सगळं तेच; बांधण्याची पद्धतही तीच.

दोघांच्या भांडणात मला कोण बरोबर वाटतं, हे सांगून टाकतो. कागद उघडे करण्याबाबत कालिनाकर बरोबर आहेत, आणि पैशांच्या हिशेबातही बहुतांशी तेच. सिल्व्हर पार्कातल्या कुटुंबाला उद्या परदेशातून घरी यायची पाळी आली तर शंभरातल्या नव्वद वेळा ते प्रवासी विमानानेच येईल. पण उरलेल्या दहा वेळांसाठी वॉरंटसाहेबांचं म्हणणं खरं धरावं लागतं: विमान किती लांब जाऊ शकतं हे टाकीत किती इंधन मावतं एवढ्यावर ठरत नाही, तिकडे बिघडलं तर ते कोण आणि कशाने दुरुस्त करणार यावर ठरतं. वडोदऱ्याला टाटा आणि एअरबसचा सी-२९५ चा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. छपन्नपैकी चाळीस विमानं तिथे जुळायची आहेत. वर्तमानपत्रांनी पंखांची लांबी छापली आणि किंमत छापली. त्याचं इंजिन खोलून परत बसवणं आपल्या फिटरला कधी आणि किती येणार, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. तो विचारायला हवा, कारण एएन-३२ च्या वेळी तो विचारला नव्हता.

आणि मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. मालदीवच्या मोहिमेवर अधिकाऱ्यांनी लिहिलं आहे आणि चांगलं लिहिलं आहे, पण ते बहुतेक इंग्रजीत. त्या दिवशी आग्र्याला दुपारभर ज्यांनी विमानं तयार केली, त्या एअरमननी काय केलं, काय खाल्लं, कोणता बिघाड कसा झाकला वा काढला, हे मराठीत मला तरी वाचायला मिळालेलं नाही. सांबऱ्याहून गेल्या साठ-सत्तर वर्षांत महाराष्ट्राची कितीतरी पोरं हवाई दलात गेली; त्यातली बरीच आता सत्तरी ओलांडून आपल्याच सोसायट्यांमध्ये पाण्याच्या मोटरीवर आणि लिफ्टवर देखरेख करतायत. तुमच्या विंगमध्ये असा कुणी असेल तर त्याला युद्धाची गोष्ट विचारू नका, तो लाजेल किंवा पायलटची गोष्ट सांगेल. लॉक वायर कशी ओवतात ते विचारा, परदेशात रात्री चाक कसं बदललं ते विचारा, फोन समोर ठेवून आवाज नोंदवा आणि त्यांच्या परवानगीने लिहून काढा. गुपित काय आणि काय नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा नीट कळतं.